मेरीलँड लाइन : एका राज्याच्या पलटणींचा इतिहास

अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेला २०२६ साली अडीचशे वर्षे पूर्ण होत आहेत. या निमित्ताने वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन यांच्या नावांचा गजर होईल, आणि तो व्हायलाच हवा. पण ज्या फौजेच्या जोरावर ती घोषणा खरी ठरली, त्या फौजेबद्दल फारसे कोणी बोलत नाही. तिचे नाव कॉन्टिनेंटल आर्मी. १४ जून १७७५ रोजी काँग्रेसच्या, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेच्या, ठरावाने ती कागदावर आली आणि दुसऱ्याच दिवशी जॉर्ज वॉशिंग्टन तिचे सरसेनापती झाले. मात्र या फौजेत माणसे भरण्याचे, त्यांना कपडे देण्याचे आणि त्यांच्यावर अधिकारी नेमण्याचे काम काँग्रेसच्या हाती नव्हते. ते तेरा राज्यांच्या हाती होते. प्रत्येक राज्याने आपापल्या पलटणी उभ्या करायच्या आणि वॉशिंग्टनच्या स्वाधीन करायच्या. एका राज्याच्या अशा सगळ्या पलटणींना मिळून त्या राज्याची ‘लाइन’ म्हणत. मॅसॅच्युसेट्स लाइन, व्हर्जिनिया लाइन, पेनसिल्व्हेनिया लाइन अशी ती नावे. या स्मरणिकेसाठी मी त्यांतली मेरीलँड लाइन निवडली आहे. डेलावेअर या चिमुकल्या राज्याची एकुलती एक पलटण तिच्याबरोबर अखेरपर्यंत लढली, म्हणून तिचाही वृत्तान्त ओघाने येईलच.

मेरीलँडमध्ये लष्करी तयारी युद्धाच्या आधीच सुरू झाली होती. ३ डिसेंबर १७७४ रोजी बाल्टिमोरच्या व्यापारी घरांतील तरुणांनी मॉर्डेकाय गिस्ट यांच्या पुढाकाराने ‘बाल्टिमोर इंडिपेंडंट कॅडेट्स’ नावाची कंपनी काढली. गणवेश, शस्त्रे, सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. १७७५ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने सरहद्दीवरच्या रायफलधारी नेमबाजांच्या दहा कंपन्या मागितल्या. त्यांपैकी दोन मेरीलँडच्या फ्रेडरिक भागातून गेल्या. एकीचा कॅप्टन मायकेल क्रेसॅप तेव्हाच आजारी होता. तरीही तो माणसे घेऊन साडेपाचशे मैल चालत बॉस्टनला पोचला. परतीच्या वाटेवर ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला त्याचा अंत झाला. ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्याला मूठमाती दिली गेली.

खरी स्थापना मात्र जानेवारी १७७६ ची. अ‍ॅनापोलिसला भरलेल्या मेरीलँडच्या कन्व्हेन्शनने नियमित सैनिकांची एक पलटण आणि सात स्वतंत्र कंपन्या उभारायचे ठरवले. पलटणीत नऊ कंपन्या होत्या. कर्नल झाले विल्यम स्मॉलवुड, लेफ्टनंट कर्नल फ्रान्सिस वेअर, आणि दोन मेजरांपैकी एक गिस्ट. सुरुवातीला ही पलटण मेरीलँडच्या स्वतःच्या संरक्षणासाठी होती. तिचा काही भाग अ‍ॅनापोलिसला आणि काही बाल्टिमोरला कवायत करत होता. चित्रांमध्ये तिचे शिपाई लाल झगझगीत कोटात दिसतात. प्रत्यक्षात बहुतेकांच्या अंगात शिकाऱ्यांचा जाडाभरडा सैल सदरा असे. जुलैमध्ये न्यूयॉर्कला धोका निर्माण झाला, तेव्हा कन्व्हेन्शनने पलटण काँग्रेसच्या सेवेत पाठवली. राज्याची पलटण राज्याची हद्द ओलांडून निघाली ती त्या महिन्यात. त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या लढाया ती दुसऱ्यांच्या भूमीवर लढली.

२७ ऑगस्ट १७७६ ला ब्रुकलिनला पहिली परीक्षा झाली. मेरीलँड आणि डेलावेअरच्या पलटणी लॉर्ड स्टर्लिंग यांच्या हाताखाली होत्या. दोन्ही पलटणींचे कर्नल, स्मॉलवुड आणि जॉन हॅसलेट, आदल्या दिवसापासून न्यूयॉर्कमध्ये एका कोर्टमार्शलवर बसले होते. त्यामुळे मेरीलँडची सूत्रे गिस्ट यांच्याकडे आली. समोर ब्रिटिश जनरल ग्रँटची फौज उभी आहे म्हणून हे तिच्याशी झुंजत राहिले. ब्रिटिशांचे मुख्य दळ मात्र रात्रीतून जमेका खिंडीने वळसा घालून पाठीशी येऊन पोचले होते. परत फिरायला वाट उरली एकच, गोवानस खाडीची दलदल. ती ओलांडायला वेळ हवा होता, आणि तो कोणीतरी मिळवून द्यायला हवा होता. स्टर्लिंगने बाकीच्यांना खाडीत उतरायला सांगितले आणि मेरीलँडच्या काही कंपन्या घेऊन तो उलट शत्रूवर चालून गेला. व्हेख्टे यांच्या दगडी घराशी ब्रिटिश जनरल कॉर्नवॉलिसची माणसे तोफांसह उभी होती. हे शिपाई पुन्हा पुन्हा त्या घरावर गेले, मागे रेटले गेले, रांग जुळवून परत गेले. शेवटी स्टर्लिंग कैद झाला आणि गिस्ट कसाबसा निसटला. मधल्या वेळात बाकीची फौज चिखलातून, पाण्यातून पलीकडे गेली होती.

परंपरेने या तुकडीला ‘मेरीलँडचे चारशे’ म्हणतात. त्या दिवशी स्मॉलवुडच्या पलटणीतले २५६ जण छावणीत परतले नाहीत. ते सगळे जागीच ठार झाले असे शतकभर लिहिले गेले. मेरीलँडच्या राज्य अभिलेखागाराने एकेका शिपायाचा माग काढल्यावर दिसले की त्यांतले पुष्कळसे कैद झाले होते. यामुळे त्यांच्या पराक्रमाला उणेपणा येतो असे मला मुळीच वाटत नाही. न्यूयॉर्कमधल्या साखरेच्या कोठारांत आणि बंदरात नांगरलेल्या तुरुंग-जहाजांवर कैद्यांनी जे सोसले, ते रणांगणावरच्या मरणापेक्षा सौम्य नव्हते.

दोन दिवसांनी, २९ ऑगस्टच्या रात्री, उरलेली फौज नदीपार नेली ती मॅसॅच्युसेट्सच्या मार्बलहेड गावच्या कोळ्यांनी. कर्नल जॉन ग्लोव्हरची पलटण ती. गावच्या गाव एका पलटणीत, आणि सगळे दर्यावर्दी. राज्यवार भरतीचा हा फायदा होता. एका आळीतली, एका बंदरातली माणसे एकत्र येत. एकमेकांचे गुणदोष जाणत. शेजाऱ्यासमोर पाठ दाखवायची लाज धरत. त्याच ग्लोव्हरच्या माणसांनी डिसेंबरात बर्फाच्या लाद्या वाहणारी डेलावेअर नदी रातोरात ओलांडून दिली आणि ट्रेंटनचा विजय शक्य केला.

पण या व्यवस्थेची दुखणीही लवकरच उघडी पडली. पहिल्या वर्षी भरती वर्षाच्या बोलीवर होती. मुदत संपली की शिपाई घरी. ३ जानेवारी १७७७ रोजी प्रिन्स्टनच्या लढाईत हॅसलेट डोक्यात गोळी लागून पडला, तेव्हा त्याच्या पलटणीतले मूठभर लोकच त्याच्याबरोबर होते. बाकीच्यांची मुदत संपली होती. डेलावेअरला परत जाऊन नवी भरती करण्याचा हुकूम त्याच्या खिशात होता. तो घेऊन तो निघू शकला असता. तो थांबला आणि लढला.

यावर उपाय म्हणून काँग्रेसने १६ सप्टेंबर १७७६ रोजी कायमस्वरूपी फौजेचा आराखडा मंजूर केला होता. ८८ पलटणी, त्या राज्यांना त्यांच्या कुवतीप्रमाणे वाटून दिलेल्या. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनिया प्रत्येकी १५, पेनसिल्व्हेनिया १२, नॉर्थ कॅरोलायना ९, कनेक्टिकट आणि मेरीलँड प्रत्येकी ८, आणि उतरत उतरत डेलावेअर व जॉर्जिया यांची प्रत्येकी एक. युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्या शिपायाला काँग्रेसतर्फे २० डॉलर रोख आणि १०० एकर जमीन. मेरीलँडने सात पलटणी उभ्या केल्या. आठवीच्या जागी पेनसिल्व्हेनियाबरोबर मिळून काढलेल्या जर्मन बटालियनचा निम्मा वाटा उचलला. या पलटणींच्या कर्नलपर्यंतच्या नेमणुका राज्ये करत, त्यावरचे जनरल काँग्रेस नेमे. कागदावर पलटण ७२८ जणांची. तेवढी भरलेली पलटण वॉशिंग्टनच्या वाट्याला क्वचितच आली. राज्ये एकमेकांवर चढाओढ करून भरतीची बक्षिसी वाढवत. काही ठिकाणी तर स्थानिक मिलिशियात, म्हणजे हंगामी नागरी सैन्यात, थोड्या महिन्यांसाठी जाणाऱ्याला काँग्रेसच्या फौजेत वर्षानुवर्षे राहणाऱ्यापेक्षा जास्त पैसे मिळत.

बढत्यांचा घोळ तर याहून वाईट. फिलाडेल्फिया धोक्यात आल्यामुळे काँग्रेस १७७६ च्या डिसेंबरात बाल्टिमोरला हलली होती. तिथे फेब्रुवारी १७७७ मध्ये तिने ठरवले की जनरल नेमताना ज्येष्ठता आणि कर्तबगारी यांबरोबरच कोणत्या राज्याने किती सैन्य दिले हेही पाहायचे. लगेच पाच नवे मेजर जनरल झाले. पाचही जण बेनेडिक्ट आर्नल्डपेक्षा कनिष्ठ. आर्नल्ड कनेक्टिकटचा, आणि कनेक्टिकटच्या वाट्याचे दोन मेजर जनरल आधीच झालेले होते. आर्नल्डने पुढे जी फितुरी केली तिला हे कारण पुरेसे नाही, पण त्याच्या मनातल्या विषाचा एक थेंब इथला आहे. याच हिशेबाचा दुसरा बळी अगदी वेगळ्या स्वभावाचा होता. डेलावेअरचा रॉबर्ट कर्कवुड. पलटणीच्या स्थापनेपासून तो तिच्यात होता. कॅप्टन झाला आणि कॅप्टनच राहिला. एका पलटणीच्या राज्यात वरची जागा रिकामी होणार कुठून? त्याच्या हाताखालची पलटण नंतर दोन कंपन्यांएवढी उरली, मग तर प्रश्नच मिटला. युद्ध संपताना त्याला मेजरचा मानद हुद्दा मिळाला तेवढाच. तो १७९१ साली ओहायोच्या रानात मूळ अमेरिकन टोळ्यांशी लढताना जनरल सेंट क्लेअरच्या पराभवात मारला गेला. ती त्याची तेहतिसावी लढाई होती.

या पलटणींत होते तरी कोण? अधिकारी बहुतेक जमीनदार आणि व्यापारी घरांतले. शिपाई मात्र जसजशी वर्षे गेली तसतसे अधिकाधिक गरीब, भूमिहीन, पुष्कळदा आयर्लंड-इंग्लंडहून आलेले, करारावर वेठीची वर्षे भोगलेले. महिन्याचा पगार पावणेसात डॉलरपेक्षाही थोडा कमी, तोही कागदी आणि दिवसेंदिवस मातीमोल होणारा. १७८० च्या ऑक्टोबरात मेरीलँडने मालकाच्या संमतीने गुलामांनाही भरती करून घेण्याचा कायदा केला. पुढच्या वर्षी मुक्त काळ्या लोकांवरही लष्करी सेवेची सक्ती आली. ऱ्होड आयलंडने हे पाऊल १७७८ च्या फेब्रुवारीतच उचलले होते. जो गुलाम भरती होऊन पलटणीत स्वीकारला जाईल तो त्या क्षणापासून मुक्त, आणि मालकाला भरपाई राज्य देईल. काही महिन्यांतच विरोधामुळे ती भरती बंद झाली, पण तेवढ्यात कर्नल ख्रिस्तोफर ग्रीनची फर्स्ट ऱ्होड आयलंड रेजिमेंट उभी राहिली होती. ती ऑगस्ट १७७८ मध्ये ऱ्होड आयलंडच्या लढाईत हेसियन भाडोत्री सैनिकांचे हल्ले परतवत ठाम राहिली. मेरीलँडमधून गुलामगिरी गेली ती १ नोव्हेंबर १८६४ ला. स्वातंत्र्याच्या लढाईत मेरीलँडच्या रांगेत उभ्या राहिलेल्या काळ्या शिपायांच्या नातवंडांना तोवर वाट पाहावी लागली. या इतिहासातले हे सर्वांत मोठे लांछन, आणि गौरवग्रंथातही ते लिहिलेच पाहिजे.

१७७७ ते १७७९ ही वर्षे थोडक्यात सांगतो. ब्रँडीवाइन, जर्मनटाउन, मॉनमाउथ या मोठ्या लढायांत मेरीलँड लाइन होती. जर्मनटाउनला तिचा एक कर्नल जॉन हॉस्किन्स स्टोन जबर जखमी झाला. १७७७-७८ चा हिवाळा तिने मुख्य फौजेबरोबर व्हॅली फोर्जला नव्हे, तर डेलावेअरमधील विल्मिंग्टनला काढला. व्हॅली फोर्जमध्ये बॅरन श्टॉयबेन यांनी सुरू केलेली नवी कवायत त्यानंतर साऱ्या फौजेत पोचली, आणि सगळ्या राज्यांच्या पलटणी प्रथमच एकाच हुकुमावर एकसारख्या हलू लागल्या. १७७९ च्या ऑक्टोबरात गणवेशही एक झाला. सगळ्यांचा कोट निळा. पण कॉलर आणि बाह्यांच्या पट्टीचा रंग राज्यांच्या गटाप्रमाणे वेगळा. न्यू इंग्लंडची पांढरी, न्यूयॉर्क-न्यू जर्सीची बदामी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनियाची तांबडी. शिपाई एका देशाचा झाला तरी आपल्या मुलखाचा रंग त्याने बाहीवर ठेवला.

एप्रिल १७८० मध्ये मेरीलँड लाइन आणि डेलावेअरची पलटण दक्षिणेकडे निघाली, आणि इथून तिच्या इतिहासाचे सर्वांत मोठे पर्व सुरू होते. सेनापती होते बॅरन डी कॅल्ब, जन्माने बव्हेरियन, पेशाने फ्रेंच लष्करातले. मोहीम चार्ल्सटन वाचवण्यासाठी होती, पण १२ मे रोजी चार्ल्सटन पडले आणि हे अजून वाटेतच होते. नॉर्थ कॅरोलायनात रसद नाही, गाड्या नाहीत, स्थानिक मिलिशियाचा पत्ता नाही. जुलैच्या अखेरीस जनरल होरेशिओ गेट्स येऊन दाखल झाले आणि त्यांनी भुकेल्या फौजेला पाइनच्या ओसाड रानातून सरळ कॅम्डेनकडे चालवले. शिपायांनी हिरवी कणसे आणि कच्ची पीच फळे खाल्ली. अधिकाऱ्यांनी केसांना लावायची पावडर रश्शात घालून तो दाट केला. लढाईच्या आदल्या रात्री मांसाबरोबर काकवी वाटली गेली आणि रात्रभर रांगा मोडत राहिल्या, कारण एकेक शिपाई पोट धरून झाडीत पळत होता.

१६ ऑगस्ट १७८० च्या पहाटे व्हर्जिनियाच्या मिलिशियाने ब्रिटिश संगिनी पाहिल्या आणि बंदुका टाकून पळ काढला. पाठोपाठ नॉर्थ कॅरोलायनाची बहुतेक मिलिशिया. त्या लोंढ्यात गेट्सही वाहून गेले. उजव्या बाजूला मात्र गिस्टची ब्रिगेड आणि डेलावेअरची पलटण उभी होती. धुरामुळे डावीकडे काय झाले हे त्यांना दिसत नव्हते, आणि त्यांच्या समोरची लढाई तर ते जिंकत होते. मग कॉर्नवॉलिसने सगळे बळ त्यांच्यावर वळवले. डी कॅल्बचा घोडा पडला. तो पायी लढला. अंगावर अकरा जखमा झाल्यावर तो कोसळला, आणि तीन दिवसांनी शत्रूच्या ताब्यात मरण पावला. त्याने आपल्या मदतनिसाला शेवटचे काम सांगितले ते मेरीलँड आणि डेलावेअरच्या शिपायांचे आभार कळवण्याचे. अ‍ॅनापोलिसच्या राज्यसभागृहाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. काँग्रेसने तो ठराव १७८० मध्येच केला होता. पुतळा उभा राहिला १८८६ मध्ये.

सात पलटणींच्या उरलेल्या माणसांतून एकच पलटण बांधली गेली. स्मॉलवुड यांचा इथे वेगळाच चेहरा दिसतो. माणसे जमवण्यात आणि सांभाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण परदेशी श्टॉयबेन यांच्या हाताखाली राहणार नाही म्हणून हटून बसले आणि मेरीलँडला परतले. लढाईची धुरा आली तरुण अधिकाऱ्यांवर. जॉन ईगर हॉवर्ड, ऑथो हॉलंड विल्यम्स, जॉन गनबी, आणि डेलावेअरचा कर्कवुड. वरती डिसेंबरमध्ये सेनापती म्हणून नॅथॅनिएल ग्रीन आले. ते ऱ्होड आयलंडचे.

१७ जानेवारी १७८१, काउपेन्स. ग्रीन यांच्या फौजेतल्या डॅनियल मॉर्गनने ब्रिटिश सेनानी टार्लटनसमोर तीन रांगा लावल्या. पुढे नेमबाज, मधे मिलिशिया, आणि टेकडीच्या उतारावर हॉवर्डच्या हाताखाली मेरीलँड-डेलावेअरची मुख्य रांग. मिलिशियाने ठरल्याप्रमाणे दोन फैरी झाडल्या आणि बाजूला सरली. मग ब्रिटिशांची हायलँडर पलटण उजवी बगल मारायला आली. हॉवर्डने तिकडच्या कंपनीला तोंड वळवायचा हुकूम दिला. तिने तो चुकीचा ऐकला आणि ती मागे फिरली. शेजारच्यांना वाटले, हीच आज्ञा. बघता बघता सारी रांग शत्रूकडे पाठ करून चालू लागली. मॉर्गन घोडा फेकत आला आणि माणसे हरली का म्हणून विचारू लागला. रांगा नीट आहेत, अशी माणसे हरलेली नसतात, हे हॉवर्डने त्याला दाखवले. मॉर्गनने जागा नेमून दिली. ब्रिटिश आरडाओरडा करत, रांग मोडून मागे धावत येत होते. हुकूम झाला आणि मेरीलँडची रांग एका गिरकीत उलटी फिरली. अगदी जवळून, कंबरेवरूनच फैर झाडली आणि संगिनी रोखून धावून गेली. तासाभराच्या आत टार्लटनची फौज संपली. त्याची शंभराहून अधिक माणसे मेली आणि सातशेच्या वर कैद झाली. हॉवर्डच्या हातात शरण आलेल्या अधिकाऱ्यांच्या सात तलवारी होत्या असे सांगतात. चुकून मागे वळलेली रांग न फुटता परत वळणे ही गोष्ट केवळ धाडसाने होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे एकत्र राहिलेली, एकमेकांच्या पावलांचा आवाज ओळखणारी माणसे लागतात. मेरीलँड लाइनचा सगळा इतिहास बाजूला ठेवला आणि एवढा एकच क्षण उरला, तरी तिचे नाव राहिले असते.

काउपेन्सनंतर कॉर्नवॉलिस चिडून मागे लागला. ग्रीन यांनी माघार घेतली, आणि विल्यम्सच्या हलक्या तुकडीने शत्रूला तोंड दाखवत, हुलकावण्या देत मुख्य फौजेला वेळ मिळवून दिला. १४ फेब्रुवारीला सगळे डॅन नदीपार सुखरूप झाले. नावा आधीच गोळा करून ठेवलेल्या, त्यामुळे मागून आलेल्या कॉर्नवॉलिसला काठावर उभे राहण्यापलीकडे काही करता आले नाही. याच सुमारास, १ मार्च १७८१ रोजी, मेरीलँडने तेरा राज्यांच्या संघाच्या करारनाम्यावर सही केली. पश्चिमेकडच्या जमिनींच्या वादामुळे ती सर्वांत शेवटी झाली. राज्याचे पुढारी संघात यायचे की नाही यावर घासाघीस करत असताना राज्याचे शिपाई शेकडो मैल दूर कॅरोलायनासाठी मरत होते. संघराज्य आधी त्या पलटणींत जन्मले, कागदावर मागून आले, असे मी म्हणतो ते यामुळे.

१५ मार्चला गिल्फर्ड कोर्टहाउस. इथे नव्याने भरती झालेली सेकंड मेरीलँड फुटली, हे लपवायचे कारण नाही. त्या फटीतून ब्रिटिश गार्ड्स आत घुसले, तेव्हा शेजारची फर्स्ट मेरीलँड डावीकडे वळून त्यांच्यावर संगिनीने तुटून पडली. मैदान कॉर्नवॉलिसच्या हाती राहिले, पण त्याची पावपेक्षा जास्त फौज कामी आली. तो समुद्राकडे सरकला आणि तिथून व्हर्जिनियात. एप्रिलमध्ये हॉबकर्क्स हिल येथे तीच नामांकित फर्स्ट मेरीलँड डळमळली. कॅप्टन बीटी पडला, रांगेत गोंधळ झाला, गनबीने मागे येऊन रांग जुळवायला सांगितले आणि हातची लढाई गेली. चौकशीत गनबीच्या शौर्याला बोल लागला नाही, हुकुमाला लागला. सप्टेंबरात यूटॉ स्प्रिंग्जला विल्यम्सने पुन्हा संगिनींची धाव घेतली आणि हॉवर्ड जखमी झाला.

शेजारच्या पेनसिल्व्हेनिया लाइनमध्ये मात्र १ जानेवारी १७८१ लाच भडका उडाला होता. मॉरिसटाउनच्या छावणीत सुमारे दीड हजार शिपाई अधिकाऱ्यांना झुगारून, तोफा घेऊन फिलाडेल्फियाच्या दिशेने निघाले. ‘तीन वर्षे किंवा युद्ध संपेपर्यंत’ या शब्दांचा अर्थ शिपाई एक लावत, राज्य दुसरा. पगार वर्षभर तुंबलेला. ब्रिटिशांनी दोन हस्तक पाठवून पैशांचे आमिष दाखवले. बंडखोरांनी त्या दोघांना पकडून स्वाधीन केले आणि त्यांना फाशी झाली. राज्याला वाटाघाटी कराव्या लागल्या आणि निम्म्याहून अधिक जणांना मोकळे करावे लागले. हे बंड देशाविरुद्ध नव्हते, आपल्या राज्याच्या शब्दभंगाविरुद्ध होते. मी त्या शिपायांना दोष देऊ शकत नाही.

बाल्टिमोरने याच वर्षी एक चांगले उदाहरण घालून दिले. वॉशिंग्टनचा फ्रेंच सेनानी लाफायेत याची न्यू इंग्लंडची तुकडी एप्रिलमध्ये फाटक्या कपड्यांत तिथे पोचली. शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्याला कर्ज दिले आणि बायकांनी त्याच्या शिपायांसाठी सदरे शिवले. सदरे शिवणारे हात मेरीलँडचे, घालणारे अंग मॅसॅच्युसेट्सचे.

व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनच्या वेढ्यात मेरीलँडच्या दोन पलटणी होत्या. १९ ऑक्टोबर १७८१ ला कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे ठेवली. ती खबर घेऊन फिलाडेल्फियाला दौडत गेला तो वॉशिंग्टनचा मदतनीस टेंच टिलमन, मेरीलँडचाच. कॉर्नवॉलिस आपल्याला परका नाही. ब्रुकलिनच्या दगडी घराशी, कॅम्डेनला, गिल्फर्डला मेरीलँडच्या माणसांना भिडलेला हाच माणूस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९१-९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने उभ्या होत्या.

१७८३ च्या अखेरीस मेरीलँड लाइन बरखास्त झाली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला अ‍ॅनापोलिसच्या राज्यसभागृहात वॉशिंग्टन यांनी आपले सेनापतिपद काँग्रेसला परत केले. शिपायांना राज्याने पश्चिमेकडे, फोर्ट कंबरलँडपलीकडच्या डोंगराळ रानात, प्रत्येकी ५० एकर जमीन देऊ केली. स्मॉलवुड, हॉवर्ड आणि स्टोन तिघेही पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. गरीब शिपायांना पेन्शनसाठी १८१८ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले, आणि अनेकांना तोवर आयुष्य पुरले नाही.

मेरीलँडला आजही ‘ओल्ड लाइन स्टेट’ म्हणतात. हे बिरुद वॉशिंग्टन यांनी दिले अशी परंपरा आहे. नॅशनल गार्डची १७५ वी इन्फंट्री आपला वारसा गिस्टच्या कॅडेट्सपासून, म्हणजे १७७४ पासून मोजते. हा वारसा सरळ रेषेत आलेला नाही. यादवी युद्धात मेरीलँडची माणसे दोन्ही बाजूंना होती आणि जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या कल्प्स हिलवर त्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. ७ जून १९४४ ला हीच १७५ वी रेजिमेंट ओमाहा किनाऱ्यावर उतरली.

ब्रुकलिनला पडलेल्यांचे दफन कुठे झाले ती जागा अजून निश्चित सापडलेली नाही. प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये १८९५ साली उभारलेला स्तंभ आहे, आणि दगडी घर त्याच्या मूळ जागेजवळ पुन्हा बांधलेले आहे. कॅम्डेनला मात्र २०२२ मध्ये रणभूमीवर उथळ मातीत चौदा जणांचे सांगाडे मिळाले. त्यांतले बारा कॉन्टिनेंटल शिपाई होते, मेरीलँडचे किंवा डेलावेअरचे. एप्रिल २०२३ मध्ये त्यांना लष्करी इतमामाने पुन्हा भूमी दिली गेली.

आज हॉवर्ड काउंटीत, कोलंबिया आणि एलिकट सिटीच्या वस्त्यांत कित्येक मराठी कुटुंबे राहतात. ही काउंटी काउपेन्सच्या त्याच जॉन ईगर हॉवर्डच्या नावाची. तिथल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. मेरीलँडच्या राज्य अभिलेखागाराने ब्रुकलिनच्या शिपायांची चरित्रे एकेक करून जमवली आहेत आणि ती सर्वांना वाचायला खुली आहेत. मुलांना घेऊन ती वाचा, आणि ऑगस्टच्या अखेरीस न्यूयॉर्कला जाणे झाले तर ब्रुकलिनच्या दगडी घरापाशी होणाऱ्या वार्षिक मानवंदनेला हजर राहा.